नदीकांठचें वनभोजन व त्याची आंखणी

कार्तिक महिन्यांत आवळीच्या झाडाखालीं पानें मांडून जेवण्याची चाल महाराष्ट्रांत फार जुनी आहे. तिला आवळीभोजन म्हणतात. मार्गशीर्ष-पौषांत शेताच्या बांधावर आगटी पेटवून कोंवळ्या कणसांचा हुरडा खाणें, ही तिचीच धाकटी बहीण. या दोन्ही चालींत पक्वान्नांना महत्त्व नाहीं. घरचीच भाकरी, घरचींच माणसें. भिंती तेवढ्या मागें राहतात, आणि तेवढ्यानें त्याच भाकरीला निराळी गोडी येते. अशा भोजनास आपले वडीलधारे वनभोजन म्हणत. हल्लीं त्यास सहल अथवा पिकनिक म्हणतात. नांव कोणतेंही असो, त्यांतला आनंद एकच आहे. आणि तो पाण्याच्या कांठीं मिळाला तर दुणावतो.

परंतु हल्लीं एक गैरसमज रूढ होऊं लागला आहे. ज्याच्या दारांत मोटार उभी असेल त्यानेंच सहलीस जावें, इतरांनीं रविवार घरीं बसून काढावा, असें पुष्कळांस वाटतें. "आमच्याकडे गाडी नाहीं," हें वाक्य किती घरांतून ऐकूं येतें! वडिलांना आठवड्यांतून एक सुटी, आईला तर तीही नाहीं. आणि मुलें दुसऱ्यांच्या सहलींच्या गोष्टी ऐकून समाधान मानतात. वास्तविक, ज्या शहराच्या रस्त्यावर एस्. टी. ची पहिली गाडी धांवली, त्या शहरांतील मुलांनीं असें म्हणावें हें नवलच होय. १ जून १९४८ रोजीं राज्य परिवहनाची पहिली बस नगर व पुणें यांच्या दरम्यान धांवली. त्या गोष्टीस आतां पाऊणशें वर्षांहून अधिक काळ लोटला, आणि आज खेड्यापाड्यांपर्यंत ही गाडी पोंचते. तिच्याच साह्यानें एका दिवसाचें, निवांत व बेताच्या खर्चाचें नदीकांठचें वनभोजन कसें आंखावें, हें या लेखांत सांगावयाचें योजिलें आहे.

आपला जिल्हा पाण्याच्या बाबतींत मोठा विलक्षण आहे. पश्चिमेस अकोले तालुक्यांत सह्याद्रीच्या माथ्यावर घाटघर आहे. तेथें इतका पाऊस कोसळतो कीं, त्या गांवास जिल्ह्याचें चेरापुंजी म्हणतात. उलट नगर, पारनेर, कर्जत, जामखेड हे तालुके पर्जन्यछायेंत येतात आणि एखाद्या वर्षीं ढगांकडे पाहूनच पावसाळा संपतो. नगर शहर पंधराव्या शतकाच्या अखेरीस सीना नदीच्या कांठीं वसलें खरें, पण सीना ही पावसाळ्यापुरती नदी. म्हणून निजामशाहीच्या राज्यकर्त्यांनीं दुरून नळांनीं पाणी शहरांत आणलें, आणि फराहबागेचा महाल तर तळ्याच्या मधोमध बांधला. महाल अजून उभा आहे. भोंवतालच्या तळ्यांत मात्र बहुधा पाणी नसतें. तात्पर्य, पाण्याकांठीं बसण्याची नगरकरांची हौस शेंकडों वर्षांची आहे, आणि त्यासाठीं थोडी खटपट करावी लागणें हेंही तितकेंच जुनें आहे.

आतां प्रथम जागेची निवड. जागा सुंदर आहे कीं नाहीं, हा प्रश्न सर्वांच्या मनांत आधीं येतो; परंतु ज्याला सार्वजनिक गाडीनें जावयाचें आहे त्यानें त्यापूर्वीं तीन प्रश्न विचारले पाहिजेत. तेथून परत येणाऱ्या गाड्या किती? गाडींतून उतरल्यावर चालावें किती लागेल? आणि बसावयास सावली व धोका नसलेला कांठ आहे काय? या तीन प्रश्नांच्या कसोटीवर आपल्या जिल्ह्यांतील कांहीं ठिकाणें पारखून पाहूं.

नगरच्या उत्तरेस पांचसहा कोसांवर डोंगरगण आहे. इंग्रजी अमदानींत छावणींतील अंमलदार तेथें सहलीस जात व त्या दरीस हॅपी व्हॅली, म्हणजे आनंददरी म्हणत. ठिकाण जवळ आहे. परंतु तेथील धबधबा पावसाळ्यापुरता असून गाड्याही मोजक्या आहेत. राहुरी तालुक्यांत बारागांव नांदूर येथें मुळा धरण आहे. त्याच्या ज्ञानेश्वरसागरांत सुमारें २६ अब्ज घनफूट पाणी मावतें, व नगर शहर तेंच पाणी पितें. तथापि तें मोठ्या रस्त्यापासून आंत आहे, व धरणाच्या भिंतीजवळ वावरण्यास पाटबंधारे खात्याचे निर्बंध असतात. रेल्वेनें जावयाचें तर दौंड-मनमाड मार्गावर पुणतांबें आहे. तेथें गोदावरीचा कांठ आहे, चांगदेवाची समाधि आहे, आणि ज्या अहिल्याबाई होळकरांच्या नांवावरून २०२४ सालीं आपल्या जिल्ह्यास अहिल्यानगर हें नांव मिळालें, त्यांनीं बांधविलेला घाटही आहे. परंतु सगळ्याच आगगाड्या तेथें थांबत नाहींत. वेळापत्रक आधीं नीट पाहावें लागतें.

भंडारदऱ्याचें नांव तर सर्वांच्या जिभेवर असतें. प्रवरेवरील विल्सन धरण १९१० ते १९२६ या काळांत बांधलें गेलें. जवळच रंधा धबधबा आणि महाराष्ट्रांतील सर्वांत उंच, १,६४६ मीटर उंचीचें कळसूबाईचें शिखर आहे. तेथील शोभा अवर्णनीय आहे यांत शंका नाहीं. परंतु नगरहून जाणारास संगमनेर, अकोलें, राजूर अशा गाड्या बदलीत जावें लागतें, आणि सारा दिवस प्रवासांतच सरतो. भंडारदऱ्यास जावें तर मुक्कामाच्या तयारीनें जावें. एका दिवसांत तेथें धांवत जाऊन धांवत येणें म्हणजे पंगतीस बसून नुसता वास घेऊन उठण्यासारखें आहे.

राहिलें प्रवरासंगम. नेवासें तालुक्यांत नगरहून छत्रपति संभाजीनगराकडे जाणाऱ्या हमरस्त्यावर, नगरपासून सुमारें ७० किलोमीटरांवर हें गांव आहे. येथें प्रवरा गोदावरीस मिळते. गांव हमरस्त्यावरच असल्यामुळें दोन्ही दिशांनीं दिवसभर एस्. टी. च्या गाड्या जातयेत असतात, आणि उतरल्यावर नदीपर्यंत फार चालावें लागत नाहीं. परिसरांत अठराव्या शतकांतील दगडी देवळें आहेत. त्यांतील टोकें येथील सिद्धेश्वराचें मंदिर कोरीव कामाबद्दल विशेष प्रसिद्ध आहे. आपल्या तीन प्रश्नांस येथें समाधानकारक उत्तर मिळतें. म्हणून पुढील सर्व विवेचन प्रवरासंगम डोळ्यांपुढें ठेवून केलें आहे. थोड्याशा फेरफारानें तें इतर कोणत्याही ठिकाणास लागूं पडेल.

जागेनंतर काळ. पावसाळ्यांत नदीस केव्हां लोंढा येईल याचा नेम नसतो, व वरच्या धरणांतून पाणी सोडलें म्हणजे ऊन असतांही पात्र फुगतें. उन्हाळ्यांत पाणी मागें हटून कांठीं चिखल व गाळ उघडा पडतो. यास्तव कार्तिकापासून माघापर्यंतचे दिवस उत्तम. या दिवसांत ऊन सोसवतें, पाणी बरेंच असतें, आणि वाटेंत उंसाचे फड व ज्वारीचीं शेतें पाहावयास मिळतात. अमावास्येचा दिवस मात्र टाळावा. त्यांतही सोमवती अमावास्या व महाशिवरात्र या दिवशीं संगमावर स्नानासाठीं फार गर्दी लोटते. आणखी एक गोष्ट ध्यानांत ठेवावी. संगमावर लोक आपल्या मृत आप्तांच्या अस्थि घेऊन येतात. ज्या कांठीं कोणी अश्रु ढाळीत उभा आहे, त्याच्या शेजारीं आपण हंसतखिदळत पानें मांडणें शोभत नाहीं. विधि चालतात तेथून दूर, निराळ्या जागीं बसावें.

आतां प्रवासाची आंखणी. या बाबतींत सर्वांत मोठा नियम असा कीं, परतीची गाडी आधीं ठरवावी व जाण्याची मागाहून. बहुतेक मंडळी याच्या उलट करितात. सकाळीं जातांना आपण शहरांतल्या मोठ्या स्थानकावर गाडींत बसतों, तेथें गाड्या पुष्कळ व जागाही मिळते. सायंकाळीं मात्र आपण रस्त्याच्या मध्यावर उभे असतों. संभाजीनगरहून निघालेली गाडी आपल्यापर्यंत येईतों भरलेली असूं शकते. विशेषतः रविवारीं सायंकाळीं नोकरीच्या व शिक्षणाच्या गांवीं परतणाऱ्यांची दाटी असते. शिवाय जलद व विनाथांबा गाड्या लहान थांब्यावर न थांबतां पूल ओलांडून सरळ निघून जातात. म्हणून शक्य तर रविवार सोडून शनिवार अथवा दुसरी सुटी निवडावी. आणि रविवारच जमत असेल तर दुपारीं लौकर निघावें.

किती लौकर, हें ठरविण्यास "तीन गाड्यांचा नियम" उपयोगी पडतो. समजा, चौकशीअंतीं असें कळलें कीं, थांबणाऱ्या गाड्या साधारण साडेतीन, सव्वाचार व पांच या सुमारास येतात. तर आपण साडेतीनचीच गाडी आपली समजावी, आणि उरलेल्या दोन गाड्या गांठीस बांधलेल्या पैशांप्रमाणें अडचणीसाठीं राखून ठेवाव्या. पहिली भरलेली आली तरी जीव घाबरत नाहीं. दुसरी आहे, तिसरी आहे. जो शेवटच्या गाडीवर भरंवसा ठेवतो, त्याचें लक्ष दुपारपासून घड्याळाकडेच लागून राहतें. तिन्ही गाड्यांनीं दगा दिलाच, तर नगरच्या दिशेस कांहीं मैलांवर नेवासें फाटा आहे. तो मोठा तिठा असल्यामुळें तेथें अधिक गाड्या थांबतात. मिळेल त्या स्थानिक गाडीनें तेथवर यावें व तेथून नगरची गाडी धरावी. डिसेंबरांत सूर्य सहाच्या सुमारास मावळतो, हें विसरूं नये. अंधार पडण्यापूर्वीं सर्वांनीं गाडींत बसलेलें असावें.

जाण्याच्या बाबतींत फारसें सांगावयास नको. शहरांत माळीवाडा व तारकपूर अशीं मोठीं स्थानकें आहेत. आपली गाडी कोणत्या स्थानकावरून व केव्हां सुटते, याची चौकशी आदल्या दिवशीं खिडकीवर जाऊन प्रत्यक्ष करावी. हें काम घरांतल्या मोठ्या मुलानें किंवा मुलीनें आनंदानें अंगावर घ्यावें. वेळा बदलतात, म्हणून गेल्या वर्षीच्या माहितीवर विसंबूं नये. गाडींत चढण्यापूर्वीं वाहकास "प्रवरासंगमास थांबते ना?" असें विचारून मगच पाय ठेवावा. सकाळीं सातच्या सुमारास निघाल्यास साध्या गाडीनें दोन तासांच्या आंतबाहेर पोंचतां येतें. वाटेंत इमामपूरचा घाट, पांढरी पूल, शनिशिंगणापुराचा फांटा जेथें फुटतो तें घोडेगांव, वडाळा बहिरोबा व नेवासें फाटा हीं ठिकाणें क्रमानें लागतात. लहान मुलांना हीं नांवें आधीं कागदावर लिहून द्यावीं व एकेक गांव आलें कीं खूण करावयास सांगावें. प्रवास कंटाळवाणा होत नाहीं, आणि भूगोलही विनासायास पाठ होतो.

खर्चाचा हिशेब पाहूं. पांच वर्षांखालील मुलांस एस्. टी. त तिकीट लागत नाहीं. पांच ते बारा वर्षांच्या मुलांस अर्धें लागतें. २०२२ पासून पंचाहत्तरी ओलांडलेल्या वृद्धांस प्रवास विनामूल्य आहे, आणि मार्च २०२३ पासून सर्व स्त्रियांस अर्ध्या भाड्यांत प्रवास करितां येतो. आतां एक कुटुंब घ्या : वडील, आई, तेरा वर्षांची मुलगी, दहा वर्षांचा मुलगा आणि शहात्तर वर्षांची आजी. वडिलांचें पूर्ण, आईचें अर्धें, मुलीचें अर्धें, मुलाचें अर्धें, आजीचें कांहीं नाहीं. पांच माणसें अडीच तिकिटांत नदीवर जाऊन पोंचतात! आजीच्या वयाचा दाखला, म्हणजे आधारपत्र, बरोबर घेण्यास मात्र विसरूं नये. सबंध वर्गाची सहल न्यावयाची असेल तर शाळांना एस्. टी. ची गाडी सवलतीनें भाड्यानें मिळते. त्यासाठीं आगाराकडे आधीं लेखी अर्ज करावा लागतो.

यानंतर शिदोरी व सामान. स्वतःच्या मोटारींत काय वाटेल तें भरतां येतें, एस्. टी. त तसें नाहीं, आणि ही अडचण नसून एक प्रकारें उपकारच आहे. ज्याला आपलें ओझें दोन हातांनीं उचलून गर्दींत गाडीची पायरी चढतां येत नाहीं, त्यानें तें घरीं ठेवावें, हा नियम. प्रत्येकाची एक पिशवी, ती त्याच्याच मांडीवर. शिदोरी अशी असावी कीं ती सांडत नाहीं, नासत नाहीं व गरम करावी लागत नाहीं. दुधांत भिजविलेल्या दशम्या, धपाटे, शेंगदाण्याची किंवा तिळाची कोरडी चटणी, कांदा, गूळ, पेरू, बोरें यांहून अधिक काय पाहिजे? पातळ कालवणें, दह्याचीं भांडीं व तळणाचा खटाटोप घरींच राहूं द्यावा. नदीचें पाणी पिऊं नये. माणशीं निदान दोन लिटर पाणी घरून न्यावें. एक सतरंजी, एक जुनी चादर, डोक्यास टोपी अथवा रुमाल, जखमेसाठीं थोडा कापूस व पट्टी, उष्टेंखरकटें परत आणण्यासाठीं एक रिकामी पिशवी, आणि सुमारें तीस फूट मजबूत दोर, एवढें सामान पुरे. दोर कशासाठीं, तें पुढें येईल.

येथें मातापित्यांस, विशेषतः पितृवर्गास, एक विनंती करावीशी वाटते. पुष्कळ घरांतील वनभोजन म्हणजे आईच्या कामांत आणखी भर असते. ती पहांटे चारला उठून दशम्या भाजते, सर्वांचे डबे भरते, तेथें गेल्यावर वाढते, भांडीं विसळते, आणि घरीं आल्यावर पुन्हां चुलीपुढें उभी राहते. मग निवांतपणा कोणाच्या वांट्यास आला? ज्या सहलींत घरांतील एक माणूस सबंध दिवस राबतें, ती सहल नव्हे. ती स्वयंपाकघराची जागा बदलणें होय. म्हणून कामें आदल्या रात्रींच वांटून घ्यावीं. चटणी कुटणें व फळें धुणें मुलांकडे; पाणी भरणें व सामान बांधणें वडिलांकडे; वाढणें मोठ्या मुलाकडे; आवरणें सर्वांकडे. आईनें नदीकांठीं पाय पसरून बसावें, व तिला कोणीं उठवूं नये. रात्रीच्या जेवणासही खिचडीहून अधिक कांहीं मागूं नये.

आतां सर्वांत महत्त्वाची गोष्ट. पाण्याकांठची सहल जितकी रम्य, तितकीच दक्षतेची आहे. दरवर्षी सुटीच्या दिवसांत नद्यांत व तलावांत मुलें बुडाल्याच्या बातम्या आपण वाचतों. त्यांतील पुष्कळ प्रसंग पूर आलेल्या नदींत नव्हे, तर शांत दिसणाऱ्या पाण्यांत घडतात. असें कां व्हावें, हें समजून घेतलें पाहिजे. संगमाखालीं पैठणजवळ १९६५ ते १९७६ या काळांत जायकवाडीचें धरण बांधलें गेलें. त्याच्या नाथसागराचा फुगवटा संगमापर्यंत येतो. म्हणजे आज आपण जो कांठ पाहतों तो नदीचा मूळ कांठ नव्हे. मूळ कांठ, त्यावरील उतार, खड्डे व जुन्या दरडी पाण्याखालीं झांकल्या गेल्या आहेत. घोट्याएवढ्या पाण्यांत उभें असतां पुढच्याच पावलाला तळ सांपडणार नाहीं, असें होऊं शकतें. तळाशीं मऊ गाळ असतो. त्यांत पाय रुतला कीं पोहणारासही सुटका कठीण जाते. विहिरींत पोहतां येतें म्हणून येथें उडी घेणें हें धैर्य नव्हे, अविचार होय.

म्हणून नियम स्पष्ट असावे. पाण्यांत कोणीं उतरावयाचें नाहीं. घाटाच्या उघड्या पायरीवर बसून पाय भिजविले तेवढे पुरे. दर चार लहान मुलांमागें एक मोठें माणूस केवळ पाहण्यासाठीं नेमावें. त्यानें त्या वेळीं गप्पा मारूं नयेत व भ्रमणध्वनीही हातांत घेऊं नये. दर घटकेनें डोकीं मोजावीं. पाण्याकडे पाठ करून छायाचित्रें काढूं नयेत. इतकें करूनही कोणी पाण्यांत पडलेंच, तर पाठोपाठ उडी टाकूं नये; कारण बुडणारा मनुष्य भीतीनें वांचविणारास मिठी मारतो व दोघेही जातात. मोठ्यानें ओरडून लोक बोलवावे, कांठावर आडवें पडून काठी पुढें करावी, तो दोर फेंकावा. दोर नसेल तर साडी किंवा चादर फेंकावी. झांकण घट्ट लावलेला पाण्याचा रिकामा कॅन दोरास बांधून फेंकला तर तो तरंगतो व आधार होतो. बाहेर काढलेल्या मनुष्याचें पोट दाबणें अथवा त्यास गरगर फिरविणें हे जुने उपाय घातक आहेत. श्वास चालत नसेल तर तोंडानें श्वास देणें व छाती दाबणें हे उपाय जाणत्यानें तत्काळ सुरू करावे, आणि १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी. हे उपाय शाळेंत शिकून घेण्यासारखे आहेत. परीक्षेंत त्यांना गुण मिळोत वा न मिळोत.

इतकी काळजी सांगितली म्हणून भिण्याचें कारण नाहीं. नियम एकदां ठरले कीं मन मोकळें होतें. मग दिवसभर करावयाचें काय? याचें उत्तर असें कीं, फार कांहीं करूं नये. एका दिवसांत नेवासें, शिंगणापूर, देवगड व संगम अशीं चार ठिकाणें गांठण्याचा मोह अनेकांस होतो; त्यांत पाहणें थोडें व पळणें फार होतें. एक दिवस, एक ठिकाण. पोंचतांच आधीं देऊळ पाहून घ्यावें. त्यावरील कोरीव आकृति मुलांनीं वहींत काढाव्या. अकराच्या सुमारास जेवावें, थोडें लवंडावें, थोडें ऐकावें, थोडें पाहावें.

पाहण्यासारखें पुष्कळ आहे. नाथसागराचा प्रदेश १९८६ पासून पक्षी अभयारण्य आहे. हिंवाळ्यांत हिमालयापलीकडून चक्रवाक व नाना जातींचीं बदकें या जलाशयावर येतात. रोहित पक्षीही येतात. आपण सत्तर किलोमीटरांचा प्रवास करून दमलों म्हणून कुरकुर करावी, तर हे पाहुणे हजारों किलोमीटर स्वतःच्या पंखांवर येतात, व तेही तिकिटावांचून! त्यांच्या जवळ जाऊं नये, दगड मारूं नये, गलका करूं नये. स्वस्थ बसलें कीं तेच दिसूं लागतात.

आणि ऐकण्यासारखी गोष्ट म्हणजे प्रवरेची. ही नदी रतनगडाच्या डोंगरांत उगम पावते, आणि सुमारें २०० किलोमीटर वाहत येऊन येथें गोदावरीस आपलें नांव अर्पण करिते. तिच्याच कांठीं नेवासें येथें श्रीज्ञानेश्वरांनीं शके १२१२, म्हणजे इ. स. १२९० मध्यें ज्ञानेश्वरी सांगितली. ज्या खांबाशीं टेकून त्यांनीं ती सांगितली असें मानतात, तो पैसाचा खांब तेथें आजही आहे. त्याच नेवाशास १९५४ ते १९५६ या काळांत डॉ. हसमुख सांकळिया व त्यांच्या सहकाऱ्यांनीं उत्खनन केलें, तेव्हां ज्ञानेश्वरांच्याही पूर्वीं अडीच हजार वर्षांहून अधिक जुन्या वस्तीचीं मातीचीं भांडीं व अवजारें सांपडलीं. वरच्या अंगास प्रवरेच्याच कांठीं दायमाबाद येथें १९७४ सालीं कांशाचा रथ, हत्ती, गेंडा व रेडा अशीं अपूर्व शिल्पें मिळालीं. म्हणजे या नदीच्या कांठीं माणसें आज नव्हे, हजारों वर्षें भाकरी सोडून बसत आलीं आहेत. आपण आपली दशमी उघडतों तेव्हां त्या लांबलचक पंगतीच्या शेवटीं बसलेले असतों. ज्याला हें जाणवलें त्याच्या हातून नदींत कागदाचा कपटाही पडणार नाहीं. तो आपली रिकामी पिशवी उघडील, उष्टें गोळा करील, व जागा होती त्याहून स्वच्छ करून निघेल.

असो. सारांश इतकाच कीं, वनभोजनास मोटार लागत नाहीं. लागते ती आदल्या दिवसाची चौकशी, वांटून घेतलेलीं कामें, हलकी पिशवी व जागरूक डोळे. मुलांनो, येत्या नाताळच्या सुटींत हा बेत तुम्हीच आंखा. कागद घ्या, परतीच्या तीन गाड्या वर लिहा, मग जाण्याची लिहा, तिकिटांचा हिशेब मांडा, आणि तो कागद जेवणाच्या वेळीं वडिलांपुढें ठेवा. आजीला खिडकीजवळची जागा द्या. आईला त्या दिवशीं कांहीं करूं देऊं नका. आणि सायंकाळीं दिवेलागणीस सर्वजण सुखरूप घरीं परत आलां, कीं तुमची आंखणी उत्तम रीतीनें उत्तीर्ण झाली असें खुशाल समजा.